काकांच्या मोटारीला तांब्याचं नरडं

अमरावती,
११ एप्रिल १९५८

ती. मोरूदादांस,

धाकट्या नारायणाचा साष्टांग नमस्कार. इथे आम्ही सगळे ठीक, काळजी आहे ती तुमच्या गुडघ्यांची. अकोल्याचं ऊन मला ठाऊक आहे. कोर्टात जाताना खिशात कांदा ठेवत जा (पक्षकार हसले तर हसू देत, फी तेच देतात). वहिनींनी पाठवलेल्या कुरडया पोचल्या, निम्म्या संपल्यासुद्धा.

तुम्ही फाल्गुनात लिहिलं होतं की काकांची मोटार चैत्र संपायच्या आत मोडीत काढ आणि शेड रिकामी झाल्याचं उलट टपाली कळव. तर शेड रिकामी आहे. इथे पत्र मिटवलंत तर तुमचंही समाधान होईल आणि मीही खोटा ठरणार नाही. पण मिटवू नका, कारण मोटार शेडमधून अंगणात आली आहे आणि ती ढकलत आणलेली नाही.

मोडीवाल्याला निरोप देण्याआधी, कोणता भाग काढून ठेवण्यासारखा आहे ते पाहावं म्हणून बडनेऱ्याच्या नत्थुजींना बोलावलं. तीस वर्षं रेल्वेत फिटर होते, आता निवृत्त आहेत आणि त्यामुळे घरच्यांना फार त्रास होतो. त्यांनी झाकण उघडलं आणि आत वाकून पाहिलं. मग मला म्हणाले, "वकीलसाहेब, हे मोडाले निघाले तुमी?" त्या इंजिनात हवा दाबून कोंबणारा एक पंखा आहे (सुपरचार्जर म्हणतात त्याला). तो पंखा शाबूत होता, इंजिनही शाबूत होतं. त्या दोघांच्या मधला, हवा आणि पेट्रोल चार सिलिंडरांत नेणारा मॅनिफोल्ड नावाचा नळा तेवढा उभा चिरला होता. काकांच्या इंग्रज साहेबाने सत्तेचाळीसमध्ये विलायतेला जाताना त्यांच्या गळ्यात मोटार घातली ती या चिरेसकट. एवढ्या एका चिरेपायी काका जाईपर्यंत आठ वर्षं रोज संध्याकाळी शेडमध्ये, त्या उभ्या मोटारीत बसून वर्तमानपत्र वाचत राहिले, आणि आपण ओसरीवरून हसत राहिलो (तुम्ही मुलगा असून जास्त, पण मीही).

नवा नळा विलायतेशिवाय मिळेना. नत्थुजी म्हणाले, तांब्याचा करू, आणि जुन्यापेक्षा बरा करू. म्हणून जानराव तांबटांना आणलं. जानरावांनी उभ्या आयुष्यात बंब, घंगाळं आणि तपेली यांपलीकडे काही ठोकलेलं नाही. नत्थुजींनी त्यांना समजावलं की जुन्या नळ्यात काटकोनी वळणं आहेत, त्यामुळे जवळच्या दोन सिलिंडरांना जास्त मिळतं आणि लांबचे दोन उपाशी राहतात. जानराव म्हणाले, "म्हंजे वाढपी पंगतीच्या एकाच टोकाले घुटमळते." आणि कागदावर एक रेघही न ओढता त्यांनी सात दिवसांत मध्ये फुगीर पोट आणि त्यातून निघालेल्या सारख्या लांबीच्या चार डौलदार तोट्या असं एक पात्र ठोकून आणलं. पाणी भरून दाखवलं. थेंब गळला नाही. दादा, ते देवघरात ठेवलं असतं तर कोणीही हळद-कुंकू वाहिलं असतं.

मग नत्थुजींनी आत बोट घातलं आणि बॉम्ब फुटला. जानरावांनी आतून कल्हई केली होती!

"अरे, इंजिनाले कल्हई काहून लावली? वितळून व्हाल्वमधी जाईन ना थे!"

"तांब्याच्या भांड्यातून पोटात जाते का नाई? मंग? माया हातचं भांडं बिनकल्हईचं कोणाच्या पोटावर जात नाई. माणूस असो का मोटार."

अर्धा तास हे चाललं. मी मध्ये पडलो तर दोघांनीही मला कायद्यातलं पाहायला सांगितलं. शेवटी एक फेरी मारून पाहायची ठरली.

आता जे लिहितो ते तुम्हाला अतिशयोक्त वाटेल. मी वीस वर्षं कोर्टात काढली आहेत, अतिशयोक्ती मला ओळखता येते; ही नाही. इंजिन सुरू झालं तेव्हा आधी नुसती घरघर होती. बडनेऱ्याच्या रस्त्यावर नत्थुजींनी पाय दाबला आणि त्या घरघरीतून एक सूर निघाला, बारीक, चढत चढत जाणारा. दोन्हीकडची कडुनिंबाची झाडं एकमेकांत मिसळली. काटा साठ मैलांच्या पुढे गेला तशी मागे बसकणीत कोंबलेल्या जानरावांची टोपी उडाली, आणि त्यांनी ती मागितलीसुद्धा नाही. मला इतकंच कळत होतं की काका त्या उभ्या मोटारीत आठ वर्षं जे ऐकत होते ते हे, आणि ओसरीवर बसून ते ऐकू येण्यासारखं नव्हतं.

(परतताना रेल्वे फाटकापाशी तोफेसारखा आवाज झाला आणि एका दमणीचे बैल शेतात शिरले, हेही कळवलं पाहिजे. नळा उघडला तर निम्मी कल्हई उडालेली. नत्थुजी तोंड उघडणार तोच जानराव म्हणाले, "सहा महिन्यानं कल्हई तं घरच्या गंज-तपेलीलेही लागते. तुमी एका फेरीत उडवली." अखेर जानरावांनी पाठ फिरवली आणि तेवढ्यात नत्थुजींनी उरलेली खरवडली. आता आवाज होत नाही.)

तरी मोटार तुमच्या वडिलांची, म्हणजे तुमची. मोडा म्हणालात तर मोडीन. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
नारायण

ता. क. मोडीवाला मंगळवारी बैलबंडी घेऊन आला होता. त्याला तुमचं पत्र दाखवलं आणि खात्रीसाठी इंजिन सुरू करून दाखवलं. तो म्हणाला, "मालकाले एकडाव ऐकवा. मंग मोड म्हनन तं येतो." आणि रिकामी बंडी घेऊन गेला.

ता. क. २. मुख्य राहिलंच. नाव घातल्याशिवाय नवं भांडं पुरं झालं असं धरत नाही, असं जानराव म्हणाले, म्हणून नळ्याच्या पोटावर घालायचा मजकूर मी सांगितला: 'कै. महादेवराव यांचे स्मरणार्थ, चिरंजीव' आणि पुढे तुमचं नाव. पण जानराव 'चिरंजीव'पाशी थांबले. देणाऱ्याने समोर उभं राहून आपलं नाव सांगितल्याशिवाय ते ठोकत नाहीत म्हणे. तेव्हा रविवारी सकाळच्या गाडीने बडनेऱ्याला उतरा, मी स्टेशनच्या फाटकाबाहेर मोटार घेऊन उभा असेन. नाही आलात तर रागावणार नाही. काकांनी मलाही मुलासारखंच वाढवलं, आणि 'चिरंजीव'पुढची मोकळी जागा माझ्या नावालाही पुरते.