चौथ्या मागाबद्दल माझे शेवटचे लेखी म्हणणे

मी, प्रभुलिंग बसवंत हत्तुरे, वय ७१, धंदा पूर्वी यंत्रमाग, आता काही नाही, राहणार भवानी पेठ, सोलापूर, आज स्वतःच्या हाताने लिहितो की माझे डोके ठिकाणावर आहे आणि माझ्यावर कोणाचे दडपण नाही. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यात कान अधू असल्याची नोंद आहे, ती खरी आहे. चाळीस वर्षे मागांच्या खडखडाटात गेली. उजवा कान संपला, डाव्याला फक्त जाड आवाज कळतात. पण ज्या ऐकण्यामुळे हे मृत्युपत्र बदलतो आहे, ते मी पुरते ऐकले आहे.

कलम १. सन २०१६ चे माझे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी सर्व काही मुलगा महेश्वर यास दिले होते आणि मुलगी ऋतुजा हिचे नावही घातले नव्हते. कारण असे की, त्या वर्षी ती पुण्याहून माईक आणि वायरी घेऊन आली आणि घरामागच्या शेडमध्ये चार दिवस मागांचा आवाज भरत बसली. धंदा बुडत होता. मी म्हणालो, "हितं माग भंगारात जायला लागलेत आणि तू आवाज गोळा करतीयास? नीघ." ती निघाली. नऊ वर्षे आली नाही. माग २०१९ मध्ये खरोखरच भंगारात गेले.

कलम २. पाने, पक्कड, तेलाची बुधली आणि मागांवरचे उरलेले सात धोटे शेजारी आबासाहेब यांना द्यावेत. त्यांनी २००९ साली नेलेला बावीसचा पाना परत केलेला नाही, तोही आता त्यांचाच. माफ केले असे नाही, फक्त मागणे सोडले.

कलम ३. घराची वाटणी लिहिण्याआधी काय घडले ते लिहिणे भाग आहे. वकील म्हणाले, एवढे लागत नाही. मला लागते.

ऑक्टोबरात कुरिअरने पाकीट आले. आत दोन तबकड्यांचा जोड-अल्बम होता. काळे कव्हर, त्यावर लाल अक्षरांत 'चौथा माग'. खाली ऋतुजाचे नाव. एका तबकडीवर 'उभा धागा', दुसरीवर 'आडवा धागा'. मी नाव दोनदा वाचले. माझ्या शेडमध्ये चारच माग होते.

माझे मित्र शरणबसव लग्नाच्या मांडवात साउंड लावतात. रविवारी सकाळी त्यांच्या गोदामात माणसाएवढ्या स्पीकरच्या खोक्यांवर ते लावले. महेश्वर मोहोळहून आला होता. शरणबसव म्हणाले, "प्रभू, खोक्यावर हात ठेव. कानाचं काम हाताला करू दे."

सुरुवातीला एकटा माग. मग दुसरा, किंचित मागे पडणारा. दोन माग कधीच एका ठेक्यात चालत नाहीत, हे शेडमध्ये राबलेल्यालाच ठाऊक असते. तिने ते तसेच ठेवले होते. त्यावर पत्रा कापावा तशी गिटार आली, मग ढोल, आणि खालून तिचा आवाज, विहिरीत उतरून बोलावे तसा. महेश्वर ओरडला, "अप्पा, ह्याला गाणं म्हणत्यात व्हय?" मी खोक्यावरचा हात काढला नाही. कान गेल्यापासून, बत्तीस वर्षांत पहिल्यांदा मला गाणे ऐकू येत होते. ते छातीत ऐकू येत होते. पहिल्या तबकडीत शेड भरात आहे: धूळ, घाम, खोकला, कामगारांच्या शिव्या. दुसरीत एकेक माग बंद पडत जातो. दीड तासाचे काम. माग जुळवणाऱ्याच्या जबाबदारीने सांगतो, एवढ्या पन्ह्यात एक धागा ढिला नाही. असे काळे, मोठे आणि नेटके कापड माझ्या हातून कधी उतरले नाही.

मग दुसऱ्या तबकडीवरचे सातवे गाणे लागले. एकच माग चालू. ती कुजबुजते; मी डावा कान खोक्याला चिकटवला तेव्हा शब्द कळले: "सायकलची चेन म्हणायचं. कुणी विचारलं तर सायकलची चेन." पुन्हा तेच. मग लोखंडावर लोखंड आपटू लागते आणि ती तेच ओरडते, घसा फाटेपर्यंत. ठेका अर्ध्यात तुटतो. पुढे काहीच नाही. मला वाटले, डावा कानही गेला. मग ती बोटे मोजते. एक, दोन, तीन. आठवर थांबते.

मी खोक्याला धरून खाली बसलो. शरणबसवांनी पाणी दिले.

महेश्वर मात्र ओरडून म्हणाला, "चोवीस वर्सं झाली. अजून माझी सायकल विसरली नाही ती. सगळ्या जगाला ऐकवतीया." आणि निघून गेला.

कलम ४. म्हणून शपथेवर लिहितो. ऋतुजाच्या डाव्या हाताची दोन बोटे महेश्वरच्या सायकलच्या चेनमध्ये गेली नाहीत. ता. १७ मार्च २००१ रोजी कामगार आला नव्हता, म्हणून अकरा वर्षांच्या पोरीला मी चौथ्या मागापाशी उभी केली. दातेरी चाकावरची जाळी तेल घालायला मीच काढली होती आणि तीन दिवस परत बसवली नव्हती. रिक्षात, तिचा हात टॉवेलात गुंडाळून, मी तिला ते वाक्य पाठ करायला लावले. ती रडत म्हणत गेली. महेश्वर शाळेत होता, त्याची सायकल घरीच होती; त्यानेही ते खरे मानले. पत्नी दानेश्वरी त्या दिवशी वळसंगला माहेरी होती. परत आल्यावर तिने ती सायकल मोडीत घातली आणि चौदा वर्षांच्या महेश्वरशी महिनाभर बोलली नाही. तो जिन्यात बसून जेवायचा. मी बघत होतो. दानेश्वरी २०१४ मध्ये गेली, तेच खरे मानून.

कलम ५. त्या रविवारनंतर मी शरणबसवांकरवी ऋतुजाला फोन केला. ती दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीने आली. केस बारीक, कानात बाळ्या, तोंडवळा दानेश्वरीचा. मी म्हणालो, "चूक माझी होती." ती माझ्या डाव्या कानाशी वाकून म्हणाली, "म्हाईत हाय की अप्पा. मी तितंच होते." मी घर तिच्या नावे करतो म्हणालो. ती म्हणाली, "घर नको. दादाला सांगा. मी सांगितलं तर बापावर ढकलल्यासारखं होतंय. ते गाणं दादावर न्हाय." चहा घेऊन ती गेली. महेश्वरने माझा फोन उचलला नाही.

कलम ६. घर दोघांना निम्मे-निम्मे. नको म्हटली तरी तिचा हिस्सा तिचाच. रिकामी शेड ऋतुजाला एकटीला. तिथे तिने हवा तेवढा आवाज करावा, शेजाऱ्यांनी तक्रार करू नये. अल्बम बंद पाडण्याचा प्रयत्न कोणा नातेवाइकाने माझ्या अब्रूच्या नावाखाली करू नये. माझ्या अब्रूचे जे व्हायचे ते वर कलम ४ मध्ये झाले आहे.

कलम ७. मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात. हे तसे ठेवणार नाही. आज महेश्वरला, वकिलांचे काम आहे असे सांगून, बोलावले आहे. साक्षीदारांसमोर हा मजकूर मी मोठ्याने वाचणार आहे. माझा आवाज मला ऐकू येणार नाही, म्हणून कुठे अडखळलो तर शरणबसवांनी हात वर करावा.

ठिकाण: सोलापूर. दि. ९ नोव्हेंबर २०२५.

सही: प्रभुलिंग बसवंत हत्तुरे

साक्षीदार १: शरणबसव. मजकूर आमच्यासमोर वाचला. कलम ४ पाशी मी दोनदा हात वर केला. सही आमच्यादेखत झाली.

साक्षीदार २: आबासाहेब. वरीलप्रमाणे.

साक्षीदारांच्या सह्यांखाली, दुसऱ्या हस्ताक्षरात: मी, महेश्वर प्रभुलिंग हत्तुरे, हजर होतो. सगळे ऐकले. अप्पांशी आज बोलणे होणार नाही. ऋतुजाकडे पुण्याला निघालो आहे, पत्ता शरणबसवकाकांकडून घेतला.