किसणीवाला हँडगार्ड

शुक्र., ९ जाने.
नेमबाजीच्या रेंजवर आखाती वारा, दातांत वाळू. रझाकने रायफलीच्या नळीभोवती बसणारे तीन हँडगार्ड टेबलावर मांडून ठेवले होते. क्लबच्या रायफली तोच सांभाळतो. "दीदी, आप सीनियर हो, आप फायनल करो." सीनियर म्हणजे म्हातारी, कळतं मला. महिला टीमच्या सगळ्या .२२ रायफलींना एकच बसवायचा. महिनाअखेर ऑर्डर.

एकाला वर स्कोप अडकवायची अखंड रेल, पार टोकापर्यंत. दुसरा आखूड. तिसऱ्याला वर रेल आणि दोन्ही बाजूंना खाचाच खाचा, हवं ते हवं तिथे अडकवा म्हणे. रायफल आहे की किसणी? पहिला घ्यावा. यंदा टीम स्कोपवाल्या, दुर्बिणीतून नेम धरायच्या गटात उतरतेय आणि मला स्कोप पुढे सरकवून लागतो. जन्मभर पीप साइटच्या बारीक भोकाला नाक चिकटवून नेम धरला, मान आपोआप पुढे जाते, काय करू?

टीममध्ये एकच जागा उरलीय, निवड फेब्रुवारीत. मी नाहीतर नूरा. ती चोवीस वर्षांची, इथलीच, स्कोपवरच शिकलेली.

रवि., ११ जाने.
अल हिलालला डोळ्यांच्या डॉक्टरकडे. वाटलं, नंबर वाढला असेल. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू सुरू झालाय. "अर्ली स्टेज, मॅडम. घाई नाही." तुला नसेल बाबा घाई. सत्तेचाळीस वय माझं! आईला सत्तरीत झाला होता. आणि उजवाच का? नेमाचा डोळा तोच. टॅक्सीत रडू आलं, ड्रायव्हरने न विचारता टिश्यूचा डबा मागे केला.

नवऱ्याला, सु.ला, सांगितलं नाही. मेसईदच्या कारखान्यातून बसने येतो तो अर्धा झोपेतच असतो. "गप्प का गं?" म्हटलं, हँडगार्ड ठरत नाहीये. "नळीवरचं झाकणच ना ते? घे की कुठलंही." झाकण म्हणे! स्वतः व्हॉल्व्हच्या गॅसकेटवर तासभर बोलतो तेव्हा ऐकून घेते ना मी.

शुक्र., १६ जाने.
लांब रेलवाला बसवून बघितला. स्कोप धरणारं मागचं कडं रायफलीच्या अंगावर, पुढचं हँडगार्डवर. दोन्ही रेल इतक्या एका रेषेत की सांधा हाताला लागत नाही. हँडगार्डला अडकवलेला स्लिंगचा पट्टा दंडावर आवळला, कोल्हापूरला सरांनी शिकवलेला तसा, बोटांना मुंग्या येईपर्यंत. सगळ्या गोळ्या उजवीकडे वर. स्कोपची चकती फिरवून नेम दुरुस्त केला. पट्टा सोडून चहा पिऊन आले, पुन्हा आवळला, तर आणखी तिसरीकडेच.

नूरा शेजारच्या लेनमधून, "यू ओके, आंटी?" आंटी! खलास. तिच्या गोळ्या सगळ्या मधे. ही पोरगी स्लिंग नुसता गळ्यातल्या ओढणीसारखा घेते. आमच्या सरांनी हिला रेंजबाहेर काढलं असतं.

डोळाच आहे. दुसरं काय असणार.

मंगळ., २० जाने.
सकाळी रझाकला मेसेज, आखूडवाला घ्या. दुपारी, नको, लांबच. संध्याकाळी, थांबा जरा. त्याने नुसता अंगठा पाठवला. दिवसभर मोबाइलवर हँडगार्डचेच व्हिडिओ, आमटी करपली. ईरा म्हणाली, "आई, जस्ट पिक वन ना." मराठीत सांग म्हटलं तर खोलीत निघून गेली.

दिवेलागणीला, मगरिबच्या अजानच्या वेळी गॅलरीत एकेक डोळा झाकून समोरच्या मिनाराचा दिवा बघत बसले. डाव्याने एक दिवा. उजव्याने दिवा, त्याला पिसं, पिसांना पिसं. हँडगार्ड हवा तेवढा बदल बाई, दिवा काय बदलणार नाही. तरी उद्या पुन्हा व्हिडिओ बघणारच मी.

शुक्र., २३ जाने.
सापडलं!! मुंग्या असह्य झाल्या म्हणून पट्टा सोडला, स्कोप मूळच्या खुणेवर आणला, वाळूच्या पिशवीवर रायफल टेकून मारली. मधोमध. पट्टा आवळला, उजवीकडे वर. पुन्हा पिशवी, पुन्हा मधोमध. पट्टा हँडगार्ड खाली डावीकडे ओढतो, हँडगार्ड स्कोपचं पुढचं कडं ओढतो, नळी बिचारी आहे तिथेच, म्हणून गोळी उलट्या बाजूला. म्हणजे माझी ती जुनी मान आणि तो जुना आवळ, दोघांनी मिळून घात केला. नूराचा स्लिंग ढिला, स्कोपही सगळा मागे, तिला कशाला त्रास होतोय! लाकडी दांड्याच्या एकसंध रायफलीवर वाढलेली मी, सांधा दिसला नाही म्हणजे सांधा नाहीच असं धरून चालले.

ओरडलेच, "रझाकभाई, आँख नहीं है, हँडगार्ड है!" तो म्हणाला, "आँख को क्या हुआ?" काही नाही म्हटलं. त्याने स्कोप धरणारा, पुढे झुकलेला एकसंध माउंट शोधून दिला, दोन्ही कडी रायफलीच्या अंगावरच बसतात, तरी स्कोप मला हवा तेवढा पुढे. पट्टा आवळला, मारली. मधोमध! नाचायची बाकी होते.

मग टार्गेट जवळ आणून बघितलं. मधोमध आहेत, पण विखुरलेल्या. ओंजळभर फुटाणे सांडावेत तशा. ते काही हँडगार्डचं नाही. परतताना थुमामाच्या सिग्नलला मागचा हॉर्न वाजवत होता, मला ऐकूच आला नाही.

शनि., २४ जाने.
हॉलमध्ये पालथी पडून, छत्री डाव्या खांद्याला लावून, डाव्या डोळ्याने टीव्हीच्या लाल ठिपक्यावर नेम. सगळं अंग बंड करतंय. गाल दुसरा, बोट दुसरं, श्वाससुद्धा चुकतो. सु. चहा घेऊन दारात. "हे काय आता?"

सांगून टाकलं. डॉक्टर, मोतीबिंदू, सगळं. तो खाली बसला. "दोन आठवडे एकटीच घेऊन फिरतेयस?" मी रडले, तो रागावला. "ऑपरेशन करून घे." करीन रे, पण निवड तोंडावर आलीय. छत्री परत माझ्या खांद्याला लावून दिली. मग म्हणाला, "कोपर बाहेर जातंय तुझं," आणि स्वतःच्या हाताने आत ढकललं. तीस वर्षांपूर्वी सर ढकलायचे तसंच, पण हळू.

शुक्र., ३० जाने.
रझाकला सांगितलं, तिसरा घ्या, खाचांवाला. "किसणीवाला?" नाव त्यानेही धरून ठेवलंय. त्याने नमुना बसवायला घेतला. "स्लिंग की कडी लेफ्ट में ना, दीदी?"

म्हटलं, माझ्या रायफलीला राइट, मी आता डाव्या खांद्याने मारणार. बाकीच्यांना डावीकडेच. म्हणून तर खाचा दोन्हीकडे हव्यात. त्याने कडी काढून उजवीकडे लावली. नूरा तिथेच होती, मग तिलाही सांगितलं, डोळ्याचं. लपवून तिच्याविरुद्ध उभं राहायचं मनाला पटेना. ती म्हणाली, "सिलेक्शन नेक्स्ट फ्रायडे, आंटी. लेफ्ट, इन वन वीक?" म्हटलं, इन्शाल्ला. हसली नाही, तेवढं बरं केलं.

उजवा दंड आवळला. पट्ट्याची सवय नसलेला दंड, लगेच ठणकायला लागला. डाव्या डोळ्यात टार्गेट काळंभोर, कडा स्वच्छ, किती दिवसांनी. बोट मात्र ट्रिगर शोधतंय, नवशिकीसारखं. मारली. उजवीकडे उडणारी रिकामी पुंगळी आता थेट नाकासमोरून गेली, दचकले.

नूरा आपली लेन सोडून माझ्या टार्गेट बघायच्या, तिकाटण्यावरच्या दुर्बिणीला डोळा लावून बसली. दुर्बिणीची चकती फिरवून पुन्हा बघितलं. "कुठे लागली?" दोनदा विचारलं.

"आंटी, यल्ला, कम ऑन. वन मोर."