चवीपुरता समुद्र

३ मार्च, सकाळी ११
बीपी १५८/९८. दुजोरा : कंपनीचे डॉक्टर. मी पुन्हा मोजायला लावलं, तर १६२ आलं. मग पहिलंच धरावं असं मी सुचवलं.

परिणाम : ओव्हरहेड क्रेनच्या केबिनमधून मी खाली. अकरा वर्षं माणसांच्या डोक्यावरून वीस-वीस टन लोखंड नेलं, एकालाही ओरखडा नाही. आज दंडाला गुंडाळायच्या एका पट्ट्याने ठरवलं की मी धोकादायक आहे. दोन महिने स्टोअरमध्ये बसायचं. ६ मेला फेरतपासणी. वरचा आकडा १४०पर्यंत उतरला तर केबिन, नाही उतरला तर स्टोअर कायमचं. तोवर माझ्या क्रेनवर दुसऱ्या पाळीचा ऑपरेटर, ज्याला सगळे ‘जांभई’ म्हणतात.

उपाय तीन : मीठ अगदी कमी, रोज चालणं आणि मन शांत करणारा एखादा छंद. मासे बघत बसा, म्हणाले डॉक्टर.

माझं मन मुळात शांतच आहे. हे लिहिताना चार वेळा उठलो, ते पाणी प्यायला.

५ मार्च
निर्णय झाला. खाऱ्या पाण्याचा टँक. गोड्या पाण्यातले मासे कोणीही पाळतं. छंद जितका अवघड तितकी शांतता जास्त.

माशांच्या दुकानात जाऊन आलो. दुकानदार दर वाक्याला ‘सबुरी ठेवा’ म्हणतो, म्हणून सबुरीशेठ. त्याने यादी दिली : टँक, फिल्टर, हीटर, खडक, समुद्राचं तयार मीठ, खारटपणा मोजायचं मीटर. मीटरवर पंचवीस हवं, ना जास्त ना कमी. वर म्हणाला, पाण्यात चांगले जंतू तयार व्हायला महिना जातो, तोवर मासा नाही. दोन दिवसांत नाही का जमणार, असं मी विचारलं. तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

हिने यादी वाचली. ही शिलाईकाम करते, टेप कायम गळ्यात. म्हणाली, स्टोअरमध्ये बसल्यापासून ओव्हरटाइम बंद झालाय, हे समुद्राला कळवलंत का?

९ मार्च
टँक आला. एका दंतवैद्याने दवाखाना बंद केला, त्याच्या वेटिंग रूममधला. जवळजवळ फुकट. एका कोपऱ्यातून पाणी झिरपतं, पण फक्त भरल्यावर.

काटकसर : खडक सुका घेतला, जंतूंसकट मिळणारा महाग. मीटर रद्द. आठवडाभर अळणी जेवून माझी जीभ इतकी तयार झालीय की पोळीच्या कणकेत चिमूटभर मीठ पडलं तरी सांगतो. ज्याच्या तोंडात मीटर आहे त्याने विकत कशाला घ्यायचं?

ही म्हणाली, मी अंदाजाने ब्लाउज शिवला असता तर दुकान कधीच बंद झालं असतं. तुलना चुकीची आहे. ब्लाउज चाखता येत नाही.

१० मार्च
१५२/९४. दुजोरा : कंपनीच्या दवाखान्यातली सिस्टर. टँक अजून रिकामा, तरी गुण आला.

१२ मार्च
कोपरा बुजवला. पाणी भरलं. सबुरीशेठच्या टँकमध्ये बोट बुडवून बरोबर पंचवीसची चव जिभेवर नोंदवून आणली. तो बघत नव्हता. बघत होता.

घरी येऊन चमचा-चमचा मीठ घालत गेलो. नऊ वेळा चाखलं. जमलं. हिने बाटलीत थोडं पाणी घेतलं आणि बटणं आणायला जाताना दुकानात तपासून आणलं. पंचवीस. मी काही बोललो नाही. नुसतं दोन-तीनदा आठवण करून दिली.

१६ मार्च
६:१० पाणी बघितलं. ६:२५ बघितलं. ६:४० बघितलं. पाणी तसंच आहे.

साडू आणि मेहुणी आले होते. साडू बराच वेळ टँकपुढे उभा राहिला आणि म्हणाला, दगड छान आहेत, काय खातात? मासा ही पुढची पायरी आहे, हे मी समजावून सांगितलं. त्याला टप्प्याटप्प्याने काम करायची सवय नाही.

३१ मार्च
१४४/९०. दुजोरा : सिस्टर. म्हणाली, असंच चालू ठेवा, एप्रिलमध्येच १४०च्या खाली याल. जांभईला जाऊन सांगितलं की फार रुळू नकोस. तो म्हणाला, दादा, तुम्ही या तर लवकर, मला वर चक्कर येते.

काम फत्ते झाल्यात जमा. बक्षीस म्हणून कँटीनमधून खाऱ्या शेंगदाण्यांची एक पुडी. एकदाच. शेंगदाण्यात प्रोटीन असतं.

३ एप्रिल
स्टोअरमध्ये दिवसभर हातमोज्यांचे जोड लावायचे. डावा, उजवा, डावा, उजवा. मधे तोंडात काहीतरी लागतं. पुडी. उद्यापासून बंद.

४ एप्रिल
आज नवीन पुडी फोडली नाही. कालचीच संपवली. मग एक नवीन.

७ एप्रिल
१४६/९०. पट्टा सैल होता.

टँकचं पाणी चाखलं. जरा मिळमिळीत लागलं. बहुतेक खडक मीठ शोषतात. चवीपुरतं घातलं.

१२ एप्रिल
मासा आला. डॅमसेल, बोटभर, निळाशार. दुकानातला सगळ्यात स्वस्त आणि, सबुरीशेठच्या म्हणण्याप्रमाणे, सगळ्यात चिवट. त्याने विचारलं, मीटरवर किती आहे? मी म्हटलं, पंचवीस. चाखूनच निघालो होतो.

४:०० मासा सोडला. ४:०१ खडकामागे गेला. ४:३० तिथेच. ५:०० तिथेच. त्यालाही शांतता हवी असणार. आमचं जमेल.

१४ एप्रिल
१५०/९२. मासा आल्याचा आनंद. आनंदानेही वाढतं.

पाणी पुन्हा मिळमिळीत. चवीपुरतं.

२१ एप्रिल
१५४/९६. सिस्टरने विचारलं, खाण्यात काही बदल? मी म्हटलं, घरात अळणीच. हे शब्दशः खरं आहे.

उपाय : मासा बघण्याचा वेळ वाढवणे. सकाळी पाऊण तास बसलो. त्यात मासा एकदा दिसला. कल्ले भराभर हलत होते. व्यायाम करत असावा.

२४ एप्रिल
मासा खात नाही. ही म्हणाली, त्याला धाप लागल्यासारखी दिसते, तुम्ही जिना चढून येता तशीच. पाण्यात काहीतरी बिघडलंय. मी लगेच चाखून दाखवलं. बिघाड नाही, उलट किंचित कमीच आहे. अर्धा चमचा घातला.

२६ एप्रिल, दुपारी
ताजी स्थिती : पाणी चौतीस. दुजोरा : सबुरीशेठ, मीटरवर, हिच्यासमोर. ही पुन्हा बाटली घेऊन गेली होती. मोजतं कोण, असं त्याने विचारलं. ही म्हणाली, यांची जीभ. या वेळी त्याने सबुरी ठेवायला सांगितलं नाही. मासा दोन दिवसही काढणार नाही म्हणाला.

घरी येऊन हिने बाटली टेबलावर ठेवली. आवाज चढवला नाही, त्यामुळे मी सावध झालो. म्हणाली, मार्चमध्ये याच जिभेने बरोबर पंचवीस सांगितलं होतं. तेव्हापासून माझ्या स्वयंपाकात मीठ वाढलेलं नाही. मग चौतीस जिला मिळमिळीत लागतं, ती जीभ जेवायला जाते कुठे?

मी म्हटलं, बाष्पीभवन होतं. पाणी उडतं, मीठ राहतं. शास्त्र आहे.

ही म्हणाली, असेल. आणि चमच्याने मीठ घातलंत, ते कुठलं शास्त्र?

मी डब्याची पिशवी उचलून आतल्या खोलीत नेली. पिशवीकडे कोणी बघितलंसुद्धा नव्हतं. न्यायची काही गरज नव्हती.

थोड्या वेळाने ही दारात आली. म्हणाली, मासा बोलू शकत नाही, त्याचं मी समजू शकते. तुम्हाला केबिनमध्ये परत जायचंय की नाही, तेवढं सांगा. मी म्हटलं, जायचंय. मग ती स्वयंपाकघरातला वजनकाटा घेऊन टँककडे गेली.

ही वही कोणी वाचत नाही, म्हणून लिहून ठेवतो : रोज दोन पुड्या.

तीन.

२८ एप्रिल
१५६/९६. दुजोरा : सिस्टर. कारण लिहिलं नाही.

पाणी एकदम गोडं करायचं नाही, मासा दगावतो. रोज थोडं काढायचं, थोडं साधं घालायचं. हे सगळं ही करते, काट्यावर तोलून. सबुरीशेठने मीटर तात्पुरतं वापरायला दिलंय, तिला. माझ्या चाखण्यावर बंदी. कँटीनवाल्याला तिने फोन केला असावा, कारण आज त्याने मला पुडीऐवजी काकडी दिली.

२ मे
पाणी सत्तावीस. मासा बाहेर आला, चार दाणे खाल्ले, टँकच्या काचेला नाक लावून उभा राहिला. मी समोर बसलो होतो. दहा मिनिटं उठलो नाही. नंतर लक्षात आलं की उठलो नाही.

५ मे, दुपारी ४
ताजा आकडा १४८/९२. दुजोरा : सिस्टर. आठवड्यात आठ उतरलेत. तर एका रात्रीत आणखी आठ का नाही उतरणार, असं मी विचारलं. ती म्हणाली, लवकर झोपा. डॉक्टरांच्या टेबलावर केबिनची आणि स्टोअरची, दोन्ही चिठ्ठ्या टाइप करून तयार आहेत, फक्त एकीवर सही व्हायचीय. हेही तिनेच सांगितलं. चांगल्या मनाने सांगितलं.

दुपारी जांभई स्टोअरच्या खिडकीशी आला. सतरा नंबरचा पाना हवा म्हणाला. कशाला, विचारलं. मग म्हणाला, दादा, केबिनची सीट तुमच्या पायांच्या मापाने मागे बसवलेली आहे. दोन महिने मी सीटच्या कडेवर टेकून चालवतोय. बोल्ट सैल केले नाहीत, म्हटलं तुम्ही येणार. तर जरा पुढे घेऊ का? की राहू दे, उद्याचं कळल्यावर बघू?

मी म्हटलं, पाना हवा असेल तर रजिस्टरमध्ये लिहावं लागेल.

लिहिलं. पाना, सतरा नंबर, एक नग. त्याची सही, माझी सही. डॉक्टर उद्या दहाला. पाना परत यायचाय उद्या चारला.