पसाभर मत

आसेगाव

चि. दिनेश,

तुझ्या दौलतकाकाचा आशीर्वाद. खोकला गेला का? गेला नसेल तर हळद-दूध घे. गेला असेल तरी घे, हळद वाया जात नाही. आम्ही इकडे धड आहोत. माझा गुडघा कुरकुरतो, पण या घरात तुझ्या काकूपुढे कोणाचीच कुरकुर चालत नाही. वांगी लागली, भाव तेवढा लागायचा आहे.

ग्रामपंचायतीची निवडणूक आली आणि तुझी प्रयागकाकू पुन्हा उभी आहे. मागच्या खेपेस ती आणि शेजारच्या मळ्यातली शुभांगी, दोघींना सारखी मतं पडली. मग ईश्वरचिठ्ठी निघाली (म्हणजे कागदाच्या दोन घड्या अन् निकाल देवावर), आणि देव त्या दिवशी शुभांगीकडे होता. पोरगी चांगली आहे, पण तिचा मळा डांबरी रस्त्याला लागून. आपल्या पाणंदीत पावसाळ्याभर तुझी काकू डोक्यावर भाजीची पाटी घेऊन पोटरीभर रुतते, ते तिला दिसत नाही. रस्ता झाला पाहिजे, एवढंच काकूचं म्हणणं.

तर मतदानाचे शब्द बायांना कळावेत म्हणून मी ओट्यावर शाळा घेतली (मी चौथी पास, पण पेपर जाहिरातींसकट वाचतो). त्यांना सांगितलं, छाननी म्हणजे सूप. फोल अर्ज उडतो, भरलेला राहतो. माघार म्हणजे ताट वाढायच्या आधी पाटावरून उठणं. नोटा म्हणजे वाढप्याला सांगणं की बाबा, यातलं काहीच नको. पण ते सांगायला पंगतीत यावं लागतं, घरी बसून चालत नाही. बायांनी माना डोलावल्या. माझी छाती फुगली आणि मी सरावाचं मतदान ठेवलं. लुगड्याच्या पडद्यामागे तीन गाडगी. एकापुढे वांगं, एकापुढे भेंडी, तिसरं नोटाचं म्हणून त्याच्यापुढे काहीच नाही. मत म्हणून तुरीचा दाणा टाकायचा आणि कोणाला सांगायचं नाही.

मोजायला बसलो तर पायलीभर तूर निघाली, अन् नोटा प्रचंड बहुमतानं विजयी. मी कपाळाला हात लावला. शुभांगीची सासू हिरीबाई (शाळा सगळ्यांसाठी होती) मलाच समजावू लागली, "भाऊजी, एक दाना कोनी देते का? दारी आलेल्याले आमी पसाभर घालतो. अन् ते तिसरं गाडगं रितंच दिसलं. रितं कसं ठेवावं?"

मग पुन्हा समजावलं की इथे सावकाराचाही एक दाणा अन् तुझाही एकच, जास्त घातला तरी चालत नाही. दुसऱ्या खेपेस वांगं आणि भेंडी बरोबरीत सुटले. सगळ्या बायांनी भिंतीवरच्या तुझ्या फोटोकडे पाहिलं. (हार नव्हता म्हणून बरं.) हिरीबाई हळूच म्हणाली, "एका दान्याले एवढं वजन असते, हे कोनी सांगतलंच नाही आमाले." तिनं एक दाणा पदराच्या गाठीला बांधला, मग सगळ्यांनीच बांधले. उरलेल्या बहुमताचं वरण झालं. चांगलं शिजलं.

बाकी सर्व ठीक. जेवत जा.

तुझा,
दौलतकाका

ता. क. मतदानाच्या आदल्या दिवशी येणारी गाडी धर. मागच्या खेपेस तुला सुट्टी नव्हती. यंदा सुट्टी आहे का, हे मी विचारलेलं नाही. मत कोणाला द्यायचं ते सांगणार नाही. गुप्त म्हणजे गुप्त. हिरीबाई सुनेला सांगत नाही. तुझी काकू तर स्वतः उमेदवार असून मलाही सांगत नाही.

आणखी एक. पाकिटात तुरीचा एक दाणा आहे. शिजवू नको, घेऊन ये. काकूनं खरं तर मूठभर घातले होते, त्यानं पाकीट फाटलं. म्हणून मी एकच ठेवला अन् बाकीचे डब्यात टाकले. आता पाहतो तर डबा उघडा आहे, आणि ती घरभर मोठं पाकीट शोधून राह्यली.