ओवाळणीचे फोकस

ता. घनसावंगी
१२ जानेवारी २०२५, रविवार

चि. बद्रीनाथ,

आशीर्वाद नेहमीचेच आहेत, ते वर लिहिले असं समज. सुरेखाला आणि पोरांना आठवण सांग. इकडे ऊसतोड जोरात चालू आहे, थंडी मरणाची आहे, म्हैस व्याली, रेडी झाली. झालं, खुशाली संपली. आता भांडण.

तू म्हणशील, ताईच्या फोनला काय झालं? फोनला काही झालेलं नाही. तुझ्या दाजींना कोणाचाही फोन स्पीकरवर टाकून बाजेवर ठेवायची सवय आहे, आपण काय बोलतो ते शेजारच्या गोठ्यापर्यंत ऐकू जातं. आणि मला बोलायचंय ते त्यांच्याच जीपबद्दल. राजानंद उद्या दुकानाचा माल भरायला जालन्याला येतोय, त्याच्या हातात ही चिठ्ठी देते. वाचलीस की फाडून टाक.

तुझी भाची अर्पिता स्कूटीवरून पडली हे तुला कळलं आहेच. खांद्याजवळचं हाड मोडलंय, हात गळ्यात बांधलाय. तू फोनवर काय म्हणालास आठवतं का? "हळू चालवायची ना पोरीनं." आल्यागेल्या प्रत्येकानं हेच म्हटलं. कांताबाई दूध घालायला आली, ती हेच म्हणाली. माझे दीर बीडहून आले, चहा पिऊन हेच म्हणून गेले. पोरगी कॉटवर पडून सगळं ऐकते आणि भिंतीकडे तोंड करते. अरे, ती हळूच चालवत होती. मला माहीत आहे, कारण मागे मीच बसले होते.

हे तुला कोणी सांगितलं नसेल. मला नुसतं खरचटलं, म्हणून मला पडलेल्यांत कोणी धरतच नाही.

आता तुझ्याकडे येते. भाऊबीजेला तू आलास. मी पाटावर बसवलं, ओवाळलं, आणि तू ताटात काही न टाकता दात काढून म्हणालास, "ताई, यंदाची ओवाळणी दाजीच्या गाडीला." दुपारभर तू आणि ते जीपखाली लोळत होतात. जुने पिवळे दिवे काढले, त्या जागी पांढरे फोकस आले. टपावर ती एलईडीची लांब पट्टी आली. वरून तो गाणं म्हणणारा हॉर्न, जो आख्ख्या घनसावंगीत दुसऱ्या कुणाकडे नाही म्हणून तू छाती फुगवून सांगत होतास. संध्याकाळी दाजींनी बटण दाबलं आणि समोरची पऱ्हाटी बोंडाबोंडासकट दिसायला लागली. हे म्हणाले, "दैवशाला, आता आपल्याला रात्रच न्हाई राह्यली!" मीही हसले. खोटं कशाला बोलू, मलाही भारी वाटलं होतं.

पण आपल्याला रात्र नाही, म्हणजे समोरच्याला दिवस झाला असं थोडंच आहे? त्याला काहीच दिसत नाही रे! या रस्त्यावर संध्याकाळी काय काय असतं ते तुला माहीत आहे. उसाच्या ट्रॉल्या, मागे ना लाल दिवा ना रेडियम. बैलगाड्या. शेळ्या घेऊन घरी निघालेल्या बाया. आणि आता जो उठतो तो डोळे फोडणारे दिवे लावतो. समोरच्यानं लावले म्हणून मी लावतो, मी लावले म्हणून तो आणखी मोठे लावतो. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय.

आपले अण्णा आठवतात का तुला? ते जीप चालवायचे तेव्हा समोर बैलगाडी दिसली की दिवे पार बारीक करायचे, वेळ पडली तर थांबायचे. आपण मागे बसून कंटाळायचो. ते म्हणायचे, "बैल बुजला तर त्यात बैलाचा दोष नसतो." आणि त्याच अण्णांचा मुलगा आज हे फोकस विकतो.

इथं घरात काय चाललंय ते सांगते. तुझ्या दाजींनी ठरवलंय की पोरीच्या हातात गाडी दिली हीच चूक झाली. स्कूटी विकायची. गिऱ्हाईकही बघून ठेवलंय, संक्रांत झाली की तो घेऊन जाणार. स्कूटी गेली की अर्पिताची रक्त-तपासणीच्या लॅबमधली नोकरी गेली, कारण लॅब बंद होते तेव्हा आपल्या फाट्याला थांबणारी एसटी निघून गेलेली असते. ती नोकरी तिनं कशी मिळवली तुला माहीत आहे. हाड जुळेल, पण ही पोरगी पुन्हा घरात बसली तर मी काय करू?

आणि हे रोज संध्याकाळी ओट्यावर बसून दात खातात, "ज्यानं फोकस मारून माझ्या लेकराला पाडलं, तो सापडू दे. गाडीसकट पेटवून देतो!" लोक माना हलवतात. मी आत भाकरी थापते.

मला एवढंच म्हणायचंय की येत्या रविवारी ये आणि ती पट्टी, ते फोकस आणि तो हॉर्न काढून ने. त्यांना काहीही सांग. म्हण, कंपनीनं माल परत मागवलाय. म्हण, आरटीओवाले पकडून राह्यलेत. कारण विचारू नकोस.

तुझी,
दैवशालाताई


ता. घनसावंगी
१९ जानेवारी, रविवार

बद्रीनाथ,

तिळगूळ मिळाला. सुरेखानं वड्या चांगल्या केल्यात. गोड बोलायचं मात्र यंदा माझ्याच्यानं होणार नाही.

चिठ्ठी वाचून तू काय केलंस? फोन केलास. आणि तो बाजेवर, स्पीकरवर! "दाजी, ताई म्हणून राह्यली लाईट काढून टाक. बिलकुल काढू नका बरं! समोरचा फुल मारतो, मंग आपण काऊन खाली राह्याचं?" हे एवढे हसले की ठसका लागला. उचलली जीभ लावली टाळ्याला. मी लिहिलं होतं की कारण विचारू नकोस, तर तू कारणाचा विचारही केला नाहीस.

चूक माझीही आहे. मी अर्धंच लिहिलं होतं. उरलेलं आज लिहिते, नीट बसून वाच.

पोरगी पडली त्या बुधवारी मी संक्रांतीचं वाण आणायला घनसावंगीला गेले होते. स्टीलच्या वाट्या घेतल्या. अर्पिताची लॅब सुटेपर्यंत तिथंच बाकड्यावर बसले आणि तिच्याच मागे बसून निघाले. अंधार पडला होता. कॅनॉलच्या पुलाजवळच्या वळणावर समोरून उजेड आला. उजेड म्हणजे काय सांगू, रस्ता नाही, झाड नाही, पोरीचं डोकंसुद्धा दिसेना. तिनं वेग कमी केला. डिपर दिला. पुन्हा दिला. तेव्हा तो उजेड कमी व्हायचा सोडून दुप्पट झाला, आणि हॉर्न वाजला.

तुझा हॉर्न, बद्रीनाथ. गाणं म्हणणारा.

पुढच्या क्षणाला आम्ही रस्त्याकडेच्या चारीत होतो. वाट्या खणखणत कुठल्या कुठे गेल्या. गाडी थांबली नाही, चालवणाऱ्याला कळलंच नसणार. मागून ट्रॅक्टर येत होता, त्याच्या उजेडात त्या गाडीची मागची काच चमकली. काचेवर रेडियमनं लिहिलेलं नाव मी वाचलं. पोरीनंही वाचलं. चारीत चिखलात पडल्या पडल्या ती आपलंच नाव लांब जाताना बघत होती.

ती पहिलं वाक्य काय बोलली असेल? दुखतंय म्हणाली नाही. म्हणाली, "आई, पप्पांना सांगू नको. पप्पा गाडीला हात न्हाई लावणार परत."

ट्रॅक्टरवाल्यांनी आम्हाला वर काढलं आणि तिच्या फोनवरून यांना कळवलं. हे घनसावंगीला सवारी उतरवून त्याच जीपनं, तेच दिवे लावून उलटे धावत आले. लेकराला उचलून त्याच जीपमध्ये घातलं. वाटभर रडत होते आणि त्या न सापडलेल्या ड्रायव्हरला शिव्या देत होते. मी मागे पोरीचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. बोलावं की न बोलावं? मी गप्प राहिले. पोरगी बापाला जपत होती, मी दोघांना जपत होते, आणि दोष सगळा पोरीच्या डोक्यावर जाऊन बसला. बैल बुजला आणि सगळे बैलालाच चाबूक मारायला लागले.

तुझा फोन झाल्यावर यांनी स्कूटीच्या गिऱ्हाइकाला निरोप धाडला की शनिवारी ये. मग मात्र मी ठरवलं.

शुक्रवारी दिवेलागणीला मी यांना म्हटलं, "वाणाच्या वाट्या चारीत राह्यल्यात, चला, बघून येऊ." हे वैतागले, "वाट्यापायी कोणी जाते का इतक्या दूर?" पण आले. अर्पितालाही जीपमध्ये घेतलं. वळणाच्या अलीकडे जीप उभी करायला लावली, दिवे बंद. तिला पुढच्या सीटवर बसवलं आणि यांना घेऊन मी चारीपर्यंत चालत गेले. तिला सांगून ठेवलं होतं की मी हात वर केला की बटण दाबायचं. ती तयार नव्हती, खूप रडली. मी म्हटलं, "नोकरी पाहिजे का नको?" तेव्हा तयार झाली.

हे चारीच्या कडेनं वाकून वाट्या शोधत होते. मी हात वर केला.

"अगं ए! बंद कर! काही दिसून न्हाई राह्यलं!" दोन्ही हात डोळ्यांवर, पाय चारीच्या कडेवरून घसरला, मी दंडाला धरलं म्हणून पडले नाहीत. पोरीनं दिवे बंद केले नाहीत. हॉर्न दाबला. ते गाणं पूर्ण वाजलं.

मग सगळं बंद झालं. मी फक्त एवढंच म्हटलं, "पोरीनं दोनदा डिपर दिल्ता."

मग हे अगदी हळू आवाजात म्हणाले, "ते... स्कूटीवालं. मला आठवते. मला वाटलं, कोणतरी माज करून राह्यला. म्हणून मंग मी टपावरची पट्टी बी लावली."

आणि तिथंच, चारीच्या कडेवर, मातीत बसले.

मला वाटलं होतं, एकदा खरं सांगितलं की छातीवरचा दगड उतरेल. नाही उतरला. बद्रीनाथ, यांना असं बसलेलं मी कधी बघितलं नव्हतं. पोरगी जीपमधून उतरून आली आणि एका हातानं यांचा सदरा झटकायला लागली. हे तिच्याकडे बघेनात. ती म्हणाली, "पप्पा, उठा ना. थंडी वाजून राह्यली मला." तेव्हा उठले. येताना जीप बैलगाडीसारखी चालवली, आणि प्रत्येक समोरच्यासाठी दिवे खाली केले.

शनिवारी गिऱ्हाईक आलं, त्याला यांनी चहा पाजून परत पाठवलं. मग पाने-पकड घेऊन बसले आणि स्वतःच्या हातानं तुझी सगळी ओवाळणी उतरवली. जुने पिवळे दिवे गोठ्यात पडले होते, ते पुसून बसवले. पुढे ब्लेड घेऊन मागच्या काचेवरचं नाव खरवडायला लागले. मी हात धरला. म्हटलं, "नाव कशाला खोडता? पुढच्या काचेला लावा, तुम्हाला दिसंल असं." आता ते आतल्या बाजूनं, स्टिअरिंगसमोर, बारीक अक्षरांत लावलंय.

स्कूटीचं मडगार्ड बदलून आणलंय. हाड जुळलं की अर्पिता कामावर जाईल. लॅबवाल्यांना यांनी स्वतः जाऊन सांगितलं.

ओट्यावर आता कोणी शिव्या देत नाही. लोक विचारतात, "काय सोमेश्वरराव, सापडला का तो?" हे म्हणतात, "सापडला." पुढचं काही सांगत नाहीत.

राजानंदसोबत पोतं पाठवते आहे. त्यात पट्टी, फोकस आणि हॉर्न आहे. दुकानात परत मांडू नकोस. मोडून भंगारात घाल, माझी शपथ आहे. तू म्हणशील, मी नाही विकले तर शेजारचा विकेल. विकू दे. तू माझा भाऊ आहेस, तो नाही. आणि तुझ्या स्वतःच्या गाडीलाही हेच दिवे आहेत, सुरेखा आणि पोरं त्यातच बसतात, हे मी विसरलेले नाही.

वाट्या दोन सापडल्या नाहीत. बाकीच्या वाण म्हणून लुटल्या. सुरेखाची एक बाजूला ठेवली आहे, तिला थोडा पोचा आलाय.

यंदाच्या भाऊबीजेला ताटात काही टाकू नकोस. जालन्याहून दुपारीच नीघ. उशीर झालाच, तर या रस्त्याला लागल्यावर समोरून कोणीही आलं की दिवे खाली कर. ती मीच आहे असं समज.

तुझी ताई,
दैवशाला