बॅकअप आहे ना!

१० नोव्हेंबर, सोमवार

गेला. कॉम्प्युटर गेला! खवले मांजराच्या शेपटीला शेवटचा तपकिरी हात देत होते, तेवढ्यात आतून कुणी खडे चाळावेत तसा आवाज आला. पडदा निळा झाला, मग काळा. माझ्या मुलांसाठीच्या चित्र-पुस्तकाची बत्तीसच्या बत्तीस पानं आत. तीन वर्षांच्या संध्याकाळी आत. महिनाअखेर ती तैपेईला पोचली नाहीत तर फेब्रुवारीच्या पुस्तक-जत्रेतली माझी जागा गेली.

यूकाय कामावरून आला. मी रडत होते. त्याने आधी बूट काढले, हात धुतले, त्याच्या आईने वाढलेली माशाची पेज संपवली आणि मग म्हणाला, "श्वेन, रडतेस कशाला? बॅकअप आहे ना."

विज्ञान उद्यानातल्या कॉम्प्युटर-चिपच्या कारखान्यातला इंजिनिअर नवरा मिळाला की असं होतं. रडूसुद्धा पूर्ण होऊ देत नाही.

११ नोव्हेंबर

कॉम्प्युटरमधली जुनी डिस्क घेऊन दुकानात गेले. दुकानदाराने ती कानाला लावली आणि डॉक्टर नातेवाइकांकडे बघतात तसं माझ्याकडे बघितलं. आतली तबकडीच खरवडली गेली आहे म्हणे, काही निघणार नाही.

हरकत नाही. बॅकअप आहे ना! बाहेरची वेगळी डिस्क आहे, काळी, डब्याएवढी, टेबलाच्या कडेला. तिच्यात अख्ख्या कॉम्प्युटरची हुबेहूब प्रत एकेका मोठ्या फाइलीत कोंबलेली. यूकाय तिला 'इमेज' म्हणतो. अशा पाच आहेत. जागा पुरत नाही म्हणून त्याआधीच्या तो पुसून टाकतो. आज नवीन डिस्क बसवली आणि सर्वांत ताजी इमेज तिच्यावर उतरवायला घेतली.

तीन तास चालली. मग संदेश आला: फाइल खराब आहे, वाचता येत नाही.

यूकाय म्हणाला, "असं होतं कधीकधी. आधीची घेऊ."

१२ नोव्हेंबर

आधीचीही खराब. तिच्या आधीचीही.

हा अजून शांत आहे. केबल बदलली. मग केबलचं भोक बदललं. भोकात बारीक करडी भुकटी निघाली, तेव्हा मला म्हणाला, "तू खोली झाडत नाहीस का?" तीन वर्षं मी या खोलीत पुस्तक काढते आहे आणि याला खोलीत फक्त धूळ दिसली.

ढगात का नाही ठेवलं, असं मी विचारलं. म्हणजे त्या इंटरनेटवरच्या साठवणीत. उत्तर नेहमीचंच: आपलं सामान दुसऱ्याच्या घरात कशाला? घरात मी आहे ना.

१३ नोव्हेंबर

आज मी स्वतः बघितलं. पाच फाइली. चार वेगवेगळ्या आकाराच्या, बारक्या. सर्वांत जुनी, सहा सप्टेंबरची, चांगली लठ्ठ. कॉम्प्युटर एकच, मग प्रती अशा का? विचारलं.

"दाबून ठेवतो ना आपण. कधी जास्त दाबली जाते, कधी कमी."

जुनी उघडून बघू म्हटलं, तर म्हणे दोन महिन्यांपूर्वीची घेऊन काय करणार, ताजी दुरुस्त होणार आहे. माझी पदवी चित्रकलेची. मला आकार आणि रंग एवढंच कळतं.

१४ नोव्हेंबर

आता संशय कॉम्प्युटरच्या मेमरीवर. तीच फाइल दोनदा नकलून दोन्ही नकला जुळतात का ते बघायचं होतं. जुळल्या. म्हणजे मेमरी ठणठणीत. हे कळल्यावर याचा चेहरा पडला. दोषी सापडला नाही की इंजिनिअर माणूस उपाशी राहिल्यासारखा दिसतो.

मग हवेतल्या दमटपणावर आला. मग वरच्या मजल्यावरच्यांच्या वॉशिंग मशीनवर. आणि मग एकदम वाकून त्याने कॉम्प्युटरवरचं मक्याच्या पोंग्यांचं हिरवं पाकीट उचललं, मागची तारीख वाचली आणि पांढराफटक पडला. जुलैमध्येच मुदत संपली होती!

तसाच खाली पळाला. नवीन पाकीट आणलं. हिरवंच, नारळाच्या चवीचं. दुकानात पिवळंच शिल्लक होतं म्हणून दोन गल्ल्या पुढे जाऊन आला. हिरवा म्हणजे यंत्र चालू. यांच्या कारखान्यात करोडोंच्या यंत्रांवर अशी पाकिटं ठेवतात, नाहीतर यंत्रं शहाण्यासारखी वागत नाहीत. दोन्ही हातांनी ठेवलं त्याने. मी हसले तर म्हणाला, "ही श्रद्धा नाही. आमच्याकडचा अनुभव आहे."

आणि हाच माणूस आई उदबत्ती लावायला लागली की खिडकी उघडतो!

१५ नोव्हेंबर, शनिवार

संपादिका फांगबाईंचा फोन. आवाज मधासारखा. मधमाशी कुठे बसली आहे ते नंतर कळतं. छापखाना तीस तारखेनंतर थांबणार नाही. "पेइश्वेन, तुझं नाही झालं तर तसं सांग हं, मनाला लावून घेऊ नको. आमच्याकडे दुसरं एक तयार आहे. बोलका मुळा."

मुळा! माझं खवले मांजर तीन वर्षं अंग मुडपून बसलंय, शेवटच्या पानावर पहिल्यांदा सरळ होतं. त्याच्या जागी मुळा बोलणार!

होईल म्हणाले.

१६ नोव्हेंबर

आज चूक माझी ठरली. माझी चित्रं फार मोठ्या आकाराची असतात म्हणे, त्यामुळे प्रतीवर ताण येतो. लग्नाआधी याला माझी मोठी चित्रं फार आवडायची.

सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या, काळ्या डिस्ककडे बघत. "बिघडली का रे ती?" यूकाय म्हणाला, "आई, तुला नाही कळायचं." त्या गेल्या. त्यांना काही विचारायचं होतं बहुतेक. आम्हाला कुणालाच वेळ नव्हता.

१८ नोव्हेंबर

फाइल दुरुस्त करणारा प्रोग्राम आणला. दिवसभर चालला. संध्याकाळी याने मला विजयी आवाजात हाक मारली. "निघाली! तुझी चित्रं निघाली!"

निघाली होती. वरून चार बोटं चित्र आणि खाली नुसता करडा रंग. झाडाचा शेंडा आहे, झाड नाही. खवले मांजराचं नाक आहे, मांजर नाही. पानामागून पान तेच. मी खुर्चीतून उठलेच नाही. हा बाजूला उभा राहून सांगत होता की तांत्रिकदृष्ट्या हा फार चांगला निकाल आहे.

मी त्याला खोलीबाहेर घालवलं. दार लावून रडले. पुन्हा काढण्याची ताकद माझ्यात नाही. असं वाटलं आणि खरंच वाटलं.

१९ नोव्हेंबर

मुळा जिंकला.

२० नोव्हेंबर, गुरुवार

सापडलं! राग येतोय की हसू, कळत नाही.

पहाटे झोप लागेना म्हणून स्वयंपाकघरात गेले. यूकायची सकाळची पाळी, तो नुकताच गेला होता. सासूबाई माझ्या कामाच्या खोलीतून बाहेर येत होत्या. हातात काळी डिस्क, लाल रुमालात गुंडाळलेली. मला बघून दचकल्या. मी विचारलं, हे काय?

"आज पहिली तिथी ना," त्या म्हणाल्या. "देवळात नेते."

हळूहळू सगळं बाहेर आलं. दर पहिल्या आणि पंधराव्या तिथीला गल्लीच्या टोकाच्या समुद्रमातेच्या देवळात जाताना त्या ही डिस्क घेऊन जातात. उदबत्त्यांच्या मोठ्या पात्रावरून, धुरातून, तीनदा फिरवतात, जसे ताईत फिरवतात, नवीन गाडीच्या किल्ल्या फिरवतात. मग न्याहारीच्या आत आणून वायर परत जिथल्या तिथे खोचतात. वसंतापासून चाललंय. धूळ नव्हती ती, देवळातली राख होती!

म्हटलं, पण नेता तेव्हा तिचा दिवा लुकलुकत असतो का?

"हो तर. जिवंत असते. म्हणून तर नेते."

आता यातली खरी गंमत. यूकाय बॅकअप घेतो कधी? पहिल्या आणि पंधराव्या तिथीला! कारण त्याच्या कारखान्यात दुसऱ्या आणि सोळाव्या तिथीला सगळे इंजिनिअर अंगणात टेबलं मांडून पूजा करतात, आणि पूजेच्या आदल्या दिवशी यंत्रांच्या प्रती काढून ठेवायच्या ही तिकडची शिस्त. तीच त्याने घरात आणली. पहाटे निघताना बॅकअप चालू करायचा, काम संपलं किंवा अडलं की मशीन आपोआप बंद. तो बसने कामावर, मागून आई डिस्क उपटून देवळात. चालू बॅकअप मध्येच तुटायचा, संध्याकाळी घरी येऊन हा डिस्ककडे बघायचा, फाइल आहे म्हणायचा आणि जेवायचा. उघडून कधी बघितली नाही. वेळ वाचतो म्हणे!

एक पंचांग पाळून विज्ञान करणारा आणि एक पंचांग पाळून देवधर्म करणारी. मधे माझं खवले मांजर.

संध्याकाळी यूकायला सांगितलं. त्याने बूटसुद्धा काढले नाहीत. मग आईला म्हणाला, "अगं, निदान सांगायचं तरी." त्या म्हणाल्या, "सांगितलं असतं तर हसला असतास."

मी हिरव्या पाकिटाकडे बघितलं. त्याने माझ्याकडे बघायचं टाळलं.

लिहिता लिहिता डोक्यात प्रकाश पडला. बारक्या चार म्हणजे मध्ये तुटलेल्या. मग लठ्ठ कोण?

२१ नोव्हेंबर

सहा सप्टेंबरची उघडली! पूर्ण! एक ओरखडा नाही. बत्तीसपैकी तेवीस पानं जशीच्या तशी, झाडं मुळापासून शेंड्यापर्यंत, खवले मांजराच्या पाठीवरचा एकेक खवला. मी पडद्याला हात लावला. यूकाय म्हणाला बोटांचे डाग पडतात. पडू देत.

उरलेली नऊ पानं पुन्हा काढायची. कशी काढली होती ते हाताला आठवतंय अजून. फांगबाईंना कळवलं: तीसला देते. मुळ्याला म्हणावं, तोंड मीट.

२२ नोव्हेंबर

दोन पानं झाली. पाठ मोडली.

यूकायची छाती फुगली आहे. फोनवर मित्राला सांगत होता की शेवटी त्याच्या पद्धतीनेच काम वाचवलं, पाचातली एक चांगली निघाली म्हणजे पद्धत बरोबर! शिवाय त्याने आईचं कोडंही सोडवलं आहे. पुढच्या वर्षी त्याची बढती आहे, आई त्यासाठीच डिस्क देवळात नेत होती. "माझं सगळं काम त्यात आहे असं वाटत असणार बिचारीला." डोळे पाणावले होते त्याचे. त्या डिस्कमध्ये त्याचं एक भाडेपत्र आणि मासेमारीचे फोटो आहेत.

एक मात्र कळत नाही. सहा सप्टेंबर म्हणजे सातव्या महिन्याची पंधरावी, भुताखेतांना जेवू घालण्याची पौर्णिमा. वर्षातला एवढा मोठा दिवस, त्या देवळात गेल्याच असणार. मग तेवढी एकच प्रत कशी वाचली?

२३ नोव्हेंबर, रविवार

विचारलं. त्या भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या. मान वर केली नाही.

"गेले होते. डिस्क नाही नेली. आदल्या रात्री एवढ्या मोठ्या पूजेचं सगळं मी एकटीने रांधलं, आणि तू म्हणालीस, मेलेल्यांची सोय होते या घरात, माझ्या चहाची होत नाही. फार लागलं मला. देवीला म्हटलं, आज सुनेच्या पुस्तकासाठी काही मागायचं नाही."