आधीचं जोडपं

२ सप्टेंबर, मंगळवार

पोचलो एकदाचे! विमानात ह्यांनी शेजारच्या गृहस्थाला आपलं गुडघ्याचं ऑपरेशन हातवाऱ्यांनी समजावून सांगितलं, तेही पार टाक्यांसकट. बिचारा शेवटपर्यंत झोपेचं सोंग घेऊन बसला. पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाल्यापासून हे घरात नुसते येरझाऱ्या घालायचे. चर्चच्या मिशनची सेवा मिळाली आणि स्वारी एकदम तरतरीत झाली. लेक म्हणत होती, या वयात परदेशात कशाला धडपडताय? ह्यांनी तिला सांगितलं, अगं, आमचा हनिमून राहूनच गेला होता.

प्रार्थनाघराला लागून दोन खोल्या आहेत. स्वच्छ, उजेडाच्या. ह्यांनी पिशव्या ठेवायच्या आधी नळ तपासला. गळत नाही म्हणून जरा हिरमुसलेच. इथली भाषा आम्हाला ओ की ठो कळत नाही, पण किल्ल्या सांभाळणाऱ्या बाई मोडकंतोडकं मराठी बोलतात. आधीच्या आईंनी शिकवलं म्हणे. मिशनवर येणाऱ्या जोडप्याला इथे सगळे आई-बाबाच म्हणतात.

९ सप्टेंबर

सकाळी हॉल झाडायचा, बाकं पुसायची, लोकांनी दिलेले जुने कपडे निवडून घड्या घालायच्या. दुपारी आजाऱ्यांच्या घरी जायचं. मी शेजारी बसते, हात धरते. हे तोवर त्यांच्या कड्या-कुलपं दुरुस्त करतात. भाषा लागतच नाही फारशी.

आज एका आंधळ्या आजींकडे गेलो. त्यांनी ह्यांचा चेहरा कितीतरी वेळ चाचपला, अगदी कानामागेसुद्धा, आणि रडत काहीतरी बोलल्या. बाईंनी सांगितलं, आजी म्हणताहेत, बाबा, या खेपेला फार उशीर केलात.

वय झालंय, भ्रम होतो. वाटेत हे म्हणाले, बघ, इथेही माझ्या उशिराची ख्याती आहे.

१५ सप्टेंबर

पुन्हा आजींकडे. ह्यांनी प्रार्थना म्हटली. इथल्या भाषेत. एकदाही न अडखळता, डोळे मिटून. आजी सोबत ओठ हलवत होत्या.

बाहेर आल्यावर विचारलं, तर म्हणाले, मी मराठीतच म्हटली, तुझे कान दाखवून घे डॉक्टरला. थट्टा असेल. पण थट्टा करताना हे माझ्याकडे बघतात. आज रस्त्याकडे बघत होते.

२१ सप्टेंबर

चहात साखर नको म्हणाले. ज्यांच्या साखरेवरून आमचं लग्नापासून भांडण! मग कपाटामागे हात घालून दिव्याचं बटण दाबलं, न बघता. तिथे बटण आहे हे मला ठाऊकच नव्हतं. मला ‘अगं’ म्हणणं बंद झालंय. काहीच म्हणत नाहीत.

न राहवून बाईंना आधीच्या जोडप्याबद्दल विचारलं. कचेरीने आम्हाला सांगितलं होतं, आधीचं जोडपं गेलं, म्हणून जागा रिकामी आहे. मी समजले, गावी गेलं.

बाई मला प्रार्थनाघरामागे घेऊन गेल्या. थडगी. जोडीजोडीने, पार कुंपणापर्यंत. शेवटच्या जोडीवरची माती अजून बसलेली नाही. पलीकडे जागा साफ करून ठेवलीय.

२५ सप्टेंबर

लेकीला फोन केला. सगळं सांगितलं. ती ह्यांच्याशी बोलली आणि मग मला म्हणाली, आई, बाबा किती शांत झालेत गं, तू उगाच मनाला लावून घेतेस.

शांत. हो. ह्यांना मी कधी शांत बघितलं नव्हतं. तेच तर सांगतेय, असं म्हणायला हवं होतं, पण — फोन ठेवला तिने.

२८ सप्टेंबर, रविवार

प्रार्थनेनंतर मंडळी ओळीने माझ्याकडे आली. प्रत्येकाने माझ्या गालाला हात लावला, डोळ्यांत वाकून पाहिलं. सगळे एकच प्रश्न विचारत होते. मी बाईंचा हात धरला. काय विचारताहेत?

“बाबा आले,” बाई म्हणाल्या. “आई कधी येणार?”

मी ओरडलेच, “अहो, मी इथेच उभी आहे ना!”

बाईंनी मायेने माझा पदर नीट केला. “अजून नाही,” म्हणाल्या.

३० सप्टेंबर

सकाळी स्टेशनवर गेले. एकटीच. कोणी अडवलं नाही. गाडीत बसले. मग वाटलं, त्यांच्यात थोडे जरी ‘हे’ उरले असतील, तर त्यांना वाटेल मी टाकून गेले —

उतरले.

परत आले तर दारातच उभे होते. माझी पिशवी घेतली. म्हणाले, “बसा. दमला असाल.”

बसा. मला.

१ ऑक्टोबर

त्यांच्या कानाशी बसले. आपलं पहिलं घर, लेकीचा जन्म, सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. आजाऱ्याचं ऐकतात तसं. मग माझा हात धरून इथल्या भाषेत प्रार्थना केली. माझ्यासाठी. आणि मला — प्रत्येक शब्द कळला.

३ ऑक्टोबर

दुपार. हॉल भरलाय. दाराबाहेरही उभे आहेत. गाताहेत. मराठीत लिहीत राहायचं, थांबायचं नाही — लेकीचा चेहरा — गोल की उभट? गोल. बहुतेक —

हे बाजूला बसलेत. घाई नाही म्हणतात.

गाणं जवळ आलंय. आधी कधी ऐकलेलं नाही, तरी पुढची ओळ — मी म्हणत नाहीये. तोंड घट्ट मिटलंय. आवाज माझाच आहे, पण मी नाही, मी फक्त